एकच रॅम, दोन धनी

इंदूरजवळच्या बेटम्यातली कॉलेजची मुलगी असो की इंदूरच्या बाजारातला हिशेबनीस, त्यांना परवडणाऱ्या लॅपटॉपमध्ये बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. ग्राफिक्स चिप प्रोसेसरच्याच पोटात असते आणि दोघं एकाच रॅमवर जगतात. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, क्लिक करा. ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ म्हणून साधारण निम्मी रॅम दिसेल. घाबरू नका, ती कुणी कापून घेतलेली नाही. फार तर एवढी मागता येईल, अशी ती मर्यादा आहे.

वाटून का घ्यायची? आकडाच बघा. फुल एचडी पडद्याचं एक चित्र म्हणजे 1920 गुणिले 1080 ठिपके, प्रत्येकाला 4 बाईट. झाले सुमारे 83 लाख बाईट. सेकंदाला अशी 60 चित्रं म्हणजे जवळजवळ 500 एमबी! ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नुसती उतरवत बसलं तर वेळही जातो आणि बॅटरीही.

ही युक्ती जुनी आहे. 1982 च्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये चित्राची चिप आणि प्रोसेसर खालची 16 केबी मेमरी वाटून घेत. पडदा रंगवायची वेळ आली की बिचारा प्रोसेसर थांबायचा. 1996 च्या निन्टेन्डो 64 मध्ये दोघांना मिळून 4 एमबी! त्याच वर्षी इंटेलने ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी नावाच्या जोडणीची घोषणा केली. त्यातला एक तक्ता रॅमभर विखुरलेली मेमरीची पानं, म्हणजे तिचे तुकडे, ग्राफिक्स कार्डाला सलग असल्यासारखी दाखवायचा.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, आणि त्यासाठी बेटम्यातच थांबावं लागेल. इथे राजा भोजाचा ताम्रपट सापडला आहे, विक्रम संवत 1076 चा, म्हणजे इ.स. 1020 चा. कोकणविजयाच्या निमित्ताने एक गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. गाव जागचं हललं नाही. हातात पडला तो फक्त हक्काचा लेख. लिनक्समधली ‘डीएमए-बफ’ ही सोय नेमकं हेच करते. कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र रॅममध्ये आहे तिथेच राहतं. ग्राफिक्स चिपला मिळतो तो फाइल डिस्क्रिप्टर, एक साधा पूर्णांक. सुमित सेमवाल यांनी लिहिलेली ही सोय 2012 मध्ये लिनक्स 3.3 मध्ये आली. इतकी मोठी बचत इतक्या छोट्या आकड्यात मावते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

त्याआधी 2008 मध्ये इंटेलच्या कीथ पॅकार्ड आणि एरिक अनहोल्ट यांनी लिनक्सला ‘जेम’ दिलं होतं. ग्राफिक्सच्या मेमरीचा हिशेब त्यामुळे कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, आला.

पण एक मेमरी दोघांनी वापरायची म्हणजे शिस्त हवी. प्रोसेसर ताजं लिखाण आपल्या जवळच्या कॅशमध्येच ठेवून बसला आणि ते रॅमपर्यंत पोचलंच नाही, तर चिप शिळं चित्र वाचणार. एकाचं लिहून व्हायच्या आत दुसऱ्याने वाचलं, तर पडद्यावर अर्धं जुनं, अर्धं नवं. म्हणून ‘फेन्स’ असतं: काम पुरं झाल्याची खूण मिळेपर्यंत पुढच्याने हात लावायचा नाही. आणि चिपने भलतीच पानं उघडू नयेत म्हणून आयओएमएमयू नावाचा पहारेकरी दारात उभा असतो.

पुढची पायरी: दोघांचे पत्तेही एकच. एनव्हिडियाच्या 2016 च्या पास्कल चिपांना हवं ते पान जवळ नसेल, तर त्याच क्षणी मागवून घेता येऊ लागलं. लिनक्समध्ये याची सर्वसाधारण तजवीज जेरोम ग्लिस यांनी 2014 पासून मांडली. ती कर्नलमध्ये शिरायला 2017 उजाडलं. मेमरीच्या व्यवस्थेला कुणी सहज हात लावू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेची कहाणी मेमरी वाटून घेण्याच्या दोन टोकांना आहे. 1991 चा परम 8000 महासंगणक, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली बनलेला: प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र, बोलणं फक्त निरोपांनी. नोव्हेंबर 2020 मध्ये जगातल्या महासंगणकांत 63 वा आलेला परम सिद्धी-एआय मात्र ए100 ग्राफिक्स चिपांवर चालतो. अशा चिपची स्वतःची मेमरी सेकंदाला दीड हजार जीबीहून जास्त देते, तर प्रोसेसरकडून येणारी पीसीआय एक्सप्रेसची वाट फार तर 32 जीबी. तिथे उधारीची रॅम जपूनच वापरावी लागते.

आता खरेदीला निघालात तर एवढं कराच. ग्राफिक्स आतच असलेला लॅपटॉप घेताना 16 जीबी रॅम एका पट्टीत आहे की 8-8 च्या दोन पट्ट्यांत, ते दुकानदाराला विचारा. डीडीआर4-3200 ची एक पट्टी सेकंदाला 25.6 जीबी देते, दोन मिळून 51.2. किंमत जवळपास सारखी असेल, तर दोन पट्ट्याच मागा.