पंधरा दिवसांचं दुखणं, वर्षभराचं इस्पितळ

देशात आजारी किती, ते औषधपाणी कुठे करतात आणि त्यापायी खिशाला किती चाट बसते, हे सरकारला कळतं कसं? सरकारी दवाखान्यांच्या केसपेपरवरून पुरतं कळत नाही, कारण निम्म्याहून जास्त रुग्ण खासगीत भरती होतात. मग लोकांच्या घरीच जावं लागतं. हे काम राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, म्हणजेच ‘एनएसएस’, करत आलं आहे. १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. देशाचं उत्पन्न मोजायला बसल्यावर हाताशी धड आकडेच नाहीत हे उघड झालं आणि १९५० मध्ये एनएसएस उभं राहिलं. आरोग्यावरच्या त्याच्या काही फेऱ्या १९९५-९६, २००४, २०१४ आणि २०१७-१८ सालच्या.

२०१७-१८ च्या पंचाहत्तराव्या फेरीत ८,०७७ गावं आणि ६,१८१ शहरी गट निवडले होते. प्रगणक गावात पोचला की सरळ मुलाखतीला बसत नाही. आधी घरांची यादी करायची. यादी करतानाच विचारून घ्यायचं, की घरात वर्षाच्या आतलं मूल आहे का आणि वर्षभरात कोणी इस्पितळात भरती झालं होतं का. नुसत्या चिठ्ठ्या टाकून घरं उचलली, तर भरती झालेल्यांची घरं हाती फार थोडी लागतात, म्हणून अशा घरांना निवडीत मुद्दाम जास्त वाटा देतात. मग हिशेब करताना प्रत्येक घराला त्याच्या निवडीच्या शक्यतेनुसार वजन दिलं जातं. एका ठिकाणाहून साधारण आठ घरं. अशी देशभरातून सुमारे एक लाख चौदा हजार घरं आणि साडेपाच लाख माणसं झाली.

प्रश्नावलीला दोन घड्याळं आहेत. भरती झाल्याची आठवण राहते, म्हणून ती मागच्या ३६५ दिवसांची विचारतात, आणि या काळात दगावलेल्या माणसाचीही नोंद घेतात. घरी निभावलेलं दुखणं माणूस लवकर विसरतो, म्हणून त्याला फक्त १५ दिवसांची मुदत. दीर्घकालीन आजारांची गोम इथेच आहे. “गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी?” असं विचारलं की उत्तर बहुधा येतं, “नाही हो, सगळे बरे आहेत. बीपीची गोळी तेवढी चालू आहे.” नियमाने हा माणूस आजाऱ्यांत धरायचा, कारण रोजची गोळी म्हणजे आजारच. पण ती गोळी वदवून घेणं प्रगणकाच्या हातात, आणि घरातल्या सगळ्यांच्या वतीने एकटे कर्तेच बोलत असतील, तर सुनेचं दुखणं कागदावर यायचं राहून जातं.

त्या फेरीत पंधरा दिवसांत आजारी असल्याचं सांगणारे निघाले साडेसात टक्के. इस्पितळातल्या एका भरतीचा सरासरी खर्च सरकारीत सुमारे साडेचार हजार रुपये आणि खासगीत जवळपास बत्तीस हजार. आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली. त्याआधीची स्थिती जाणून घ्यायला हेच आकडे कामी येतात.

आता खरा पेच. सर्वाधिक आजारी कोणतं राज्य? दर फेरीत केरळ वर असतो आणि बिहार खाली. वास्तविक आयुर्मानात केरळ कितीतरी पुढे आहे. अमर्त्य सेन यांनी हीच विसंगती दाखवून दिली: जिथे दवाखाना जवळ आणि शिक्षण भरपूर, तिथे माणसाला आपला आजार ठाऊक असतो. जिथे कधी तपासणीच झाली नाही, तिथे आजाराला नावही नसतं. केरळची म्हातारी होत चाललेली लोकसंख्याही या आकड्यात आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही.

म्हणून दुसरी वाट निघाली, ती मुंबईत देवनारला असलेल्या, १९५६ साली स्थापन झालेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेची. तिच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून रक्तदाब आणि साखर यांबद्दल नुसतं न विचारता ती मोजायलाच घेतली. माणसाला स्वस्थ बसवून दंडाला पट्टा बांधायचा, मधे थांबत थांबत तीन वेळा रक्तदाब घ्यायचा. बोटाला सुई टोचून साखर बघायची. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे २१ टक्के बायका आणि २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला निघाला किंवा त्यासाठी गोळी चालू होती. ‘कोणी आजारी?’ या प्रश्नाला मिळालेल्या साडेसात टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. मोजण्याची रीत वेगळी, वयोगट वेगळा, त्यामुळे वजाबाकी करता येत नाही, पण स्वतःला धडधाकट समजणारे पुष्कळ जण यात आहेत हे दिसतं.

तरी पट्ट्याने प्रश्नावली मोडीत निघत नाही. रक्तदाब किती हे यंत्र सांगेल. गोळ्यांचे पैसे कुठून आणले, उसनवारी केली की दागिना मोडला, हे विचारल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हा एखाद्या जिल्ह्यात आजारी कमी असल्याची बातमी वाचली, की खूश होण्याआधी तिथे दवाखाना किती लांब आहे ते बघावं.