गुरांचे चरणे : वसई परिसरातील गायरानांच्या संदर्भात

मराठीतील ‘चरणे’ हे क्रियापद संस्कृत ‘चर्’ या धातूपासून आले आहे; व या धातूचा मूळ अर्थ खाणे नसून चालणे, हिंडणे हा आहे. गुरे हिंडता हिंडता खातात, या साध्या निरीक्षणातून हा अर्थविस्तार झाला असला पाहिजे. कुरणावरील गुरांच्या वर्तनाचे आधुनिक संशोधन मुख्यतः परदेशांत, व पुष्कळसे मांसासाठी पाळलेल्या गाईंवर झाले आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या व २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूंच्याही कत्तलीस बंदी असल्याने तशी गाय येथे नाही. तथापि तोंडाची व पोटाची रचना सर्व गाईंची एकच असल्यामुळे त्या संशोधनाची मूलतत्त्वे येथेही लागू पडतात.

गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यांच्या जागी कठीण गादी असते. गाय जिभेने गवताचा झुबका वेढून घेते, खालचे दात व ही गादी यांमध्ये तो दाबते आणि मानेला हिसका देऊन तोडते. म्हणून अगदी आखूड गवत शेळी-मेंढीला खुडता येते, तसे गाईला येत नाही. गवत तोडल्यावर ती ते फारसे चावीत नाही. पुढे निवांत बसून रवंथ करते. ‘रवंथ’ हा शब्दही संस्कृत ‘रोमन्थ’ याचेच रूप होय.

गाय दिवसाला किती खाते, हे तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : एका घासाचे वजन, मिनिटातील घास आणि चरण्याचा वेळ. समजा, कोरड्या वजनाने घास ०.३ ग्रॅमचा आहे व गाय मिनिटास ४० घास घेते. आठ तासांत तिच्या पोटात सुमारे पावणेसहा किलो चारा जाईल. गवत आखूड होऊन घास ०.२ ग्रॅमवर आला आणि तिने वेग ४५ पर्यंत वाढविला, तरी तेवढ्याच चाऱ्यासाठी तिला १० तास ४० मिनिटे लागतील. परंतु रवंथालाही रोज कित्येक तास लागतात. म्हणून चरण्याचा वेळ वाटेल तितका वाढविता येत नाही. शिवाय मोकळी गाय मुख्यतः पहाटेच्या व सूर्यास्ताच्या सुमारास चरते, आणि उन्हाळ्यात यातील काही भाग रात्रीवर ढकलते. आपल्याकडे नेमक्या सूर्यास्तालाच गुरे घरी परततात. ‘गोरज’ हा शब्द त्याच वेळेची साक्ष देतो. रात्री ती गोठ्यात बांधलेली असल्याने गुराख्याच्या दिवसाबाहेर तिला वेळच उरत नाही.

वसई परिसरात हे गणित अधिक कठीण होते. येथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसाळ्यातील कोवळे गवत पौष्टिक असते; पुढे ते पक्व होऊन वाळते, त्यातील प्रथिने घटतात व तंतू वाढतात. असे गवत पोटात अधिक काळ राहते, त्यामुळे गवत पुष्कळ दिसत असूनही गाईचे खाणे कमी होते. कुसळी गवताची अणकुचीदार कुसळे तोंडास टोचतात, हे निराळेच. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा. पूर्वेस तुंगारेश्वर, तेथे अभयारण्यामुळे चराईवर नियंत्रण. मधल्या पट्ट्यात २००९ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेचे शहर वाढत आहे.

गायरानाचा विचार कायद्यात आहेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या २२ व्या कलमान्वये जिल्हाधिकाऱ्यास गुरचरणासाठी जमीन राखून ठेवता येते. २३ व्या कलमाने तेथील चराईचा हक्क त्या त्या गावच्या गुरांपुरता ठेवला आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याची योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. तथापि ही गणना क्षेत्रफळाची आहे. गाईची गणना वेळेची आहे. गायरान कागदोपत्री शाबूत राहिले, परंतु गोठ्यापासून तेथवरचा मार्ग रस्त्यांनी व इमारतींनी अडला, तर वळसा घेण्यात गेलेला प्रत्येक तास चरण्यातून वजा होतो. आणि घास आधीच लहान असेल, तर ही तूट भरून निघत नाही. म्हणून गायरान राखणे म्हणजे भूखंड व वाट ही दोन्ही राखणे होय. चालणे आणि खाणे यांना एकाच धातूत बांधणाऱ्या भाषेला हे नाते अपरिचित नाही.