विश्लेषण : शाळेचे कुलूप काढण्याआधी... लॉस एंजेलिसच्या शाळांनी महासाथीत नेमके काय केले?

शुक्रवार, १३ मार्च २०२०. अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाच्या सर्वात मोठ्या शाळा यंत्रणेने, म्हणजे लॉस एंजेलिस युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्टने, सोमवारपासून सर्व शाळा बंद ठेवण्याची घोषणा केली. तेव्हा बंदी दोन आठवड्यांची असेल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात नियमित वर्ग पुन्हा भरायला १३ महिने लागले. या काळात या यंत्रणेने शिकवण्याइतकेच जेवण पुरवणे, इंटरनेट जोडणे, चाचण्या करणे आणि लस देणे ही कामेही केली. तरीही दरवाजे उघडल्यावर अनेक मुले परतली नाहीत. असे का झाले?

‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे नेमके काय?

नावात ‘डिस्ट्रिक्ट’ असले तरी हा आपल्यासारखा महसुली जिल्हा नव्हे. अमेरिकेत सार्वजनिक शाळा चालवण्यासाठी स्वतंत्र स्थानिक संस्था असतात आणि त्यांची हद्द शहराच्या हद्दीशी जुळेलच असे नाही. लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टमध्ये मुख्य शहरासह आसपासची दोन डझनांहून अधिक छोटी शहरे येतात. क्षेत्रफळ सुमारे ७१० चौरस मैल, म्हणजे मुंबईच्या जवळपास तिप्पट. कारभार पाहायला मतदारांनी निवडून दिलेले सात सदस्यांचे मंडळ आणि त्या मंडळाने नेमलेला अधीक्षक असतो. शहराच्या महापौराकडे या शाळांचा ताबा नसतो. त्यामुळे शाळा कधी आणि कशा उघडायच्या, याचा निर्णय मुख्यतः या मंडळालाच घ्यायचा होता. मर्यादा मात्र राज्याच्या आरोग्य नियमांच्या आणि शिक्षक संघटनेशी झालेल्या कराराच्या होत्या.

महासाथीच्या काळात अधीक्षकपदी ऑस्टिन ब्यूटनर होते. ते मूळचे शिक्षण क्षेत्रातले नव्हेत. गुंतवणूक बँकिंग आणि वृत्तपत्राचे प्रकाशकपद असा त्यांचा आधीचा प्रवास. त्यांच्यापुढे असलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८० टक्के मुले कमी उत्पन्नाच्या घरांतली होती. पुढचे सगळे निर्णय समजून घेताना हा एक आकडा लक्षात ठेवावा लागतो.

अभ्यासाआधी जेवणाचा विचार का झाला?

कारण या मुलांपैकी अनेकांची न्याहारी आणि दुपारचे जेवण शाळेतच होत असे. शाळा बंद म्हणजे रोजची दोन जेवणे बंद. आई-वडील हॉटेलांत, घरकामात किंवा बांधकामावर असतील, तर त्याच आठवड्यात त्यांचे कामही गेले होते. शाळा बंद झाल्यानंतर दोनच दिवसांत, १८ मार्चपासून, डिस्ट्रिक्टने साठहून अधिक ठिकाणी जेवण वाटपाची केंद्रे सुरू केली. बहुतेक केंद्रे शाळांच्याच आवारात होती. लोक गाडीतून किंवा चालत यायचे, पाकिटे घ्यायचे आणि निघायचे.

इथे एक धोरणात्मक पेच होता. अमेरिकेत शालेय जेवणाचा खर्च केंद्र सरकार भागवते, पण तो मुलांच्या जेवणापुरता. शिवाय एरवी मुलांनी एकत्र बसून जेवणे अपेक्षित असते. महासाथीत ही अट शिथिल झाली आणि मूल सोबत नसले तरी पालकांना जेवण नेण्याची मुभा मिळाली. लॉस एंजेलिसने एक पाऊल पुढे जाऊन मोठ्या माणसांनाही जेवण दिले. ओळखपत्र किंवा नागरिकत्व विचारले गेले नाही. ज्या शहरात कागदपत्रे नसलेली स्थलांतरित कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, तिथे प्रश्न न विचारणे हीच मोठी मदत होती. मोठ्यांच्या जेवणाचा भार मात्र केंद्राच्या योजनेतून भागत नव्हता. तो देणग्या आणि डिस्ट्रिक्टच्या तिजोरीवर पडला.

वर्षभरात या केंद्रांवरून १० कोटींहून अधिक जेवणे दिली गेली. त्याच रांगेत लहान बाळांचे डायपर, मास्क, स्वच्छतेचे साहित्य आणि पुस्तकेही वाटली गेली. शाळेचे स्वयंपाकघर, साठवणीची जागा, वाहने आणि माणसे आधीपासून होती, म्हणूनच हे दोन दिवसांत जमले.

ऑनलाइन वर्ग सुरू झाले, पण मुले कुठे होती?

दहा दिवसांत डिस्ट्रिक्टने उपकरणे आणि इंटरनेटसाठी १० कोटी डॉलरचा आपत्कालीन खर्च जाहीर केला. ज्या घरांत इंटरनेट नव्हते, त्यांच्यासाठी व्हेरायझन या दूरसंचार कंपनीशी करार झाला. टीव्हीचाही उपयोग केला गेला. या डिस्ट्रिक्टच्या मालकीची केएलसीएस ही स्वतःची वाहिनी आहे. ती आणि स्थानिक सार्वजनिक वाहिन्या मिळून वयोगटानुसार शैक्षणिक कार्यक्रम दाखवू लागल्या. संगणक नसला तरी टीव्ही बहुतेक घरांत असतो, हा त्यामागचा साधा हिशेब.

तरीही मार्च २०२०च्या अखेरीस डिस्ट्रिक्टनेच दिलेली माहिती धक्कादायक होती. हायस्कूलच्या सुमारे १ लाख २० हजार विद्यार्थ्यांपैकी साधारण १५ हजार ऑनलाइन अभ्यासात अजिबात दिसत नव्हते आणि ४० हजारांहून अधिक मुलांचा शिक्षकांशी रोजचा संपर्क नव्हता. उपकरण हातात असणे आणि शिकता येणे यांत अंतर होते. एका खोलीत तीन भावंडे, लहान बहिणीला सांभाळण्याची जबाबदारी, आईला घरी सुचत नसलेली इंग्रजी. यातले काहीच टॅब्लेट दिल्याने सुटत नव्हते. ऑनलाइन शिक्षण पुरेसे नाही, अशी तक्रार घेऊन काही पालक सप्टेंबर २०२०मध्ये न्यायालयातही गेले.

उघडण्याची तयारी म्हणजे नेमके काय काय?

ढोबळमानाने चार कामे होती : हवा, अंतर, चाचणी आणि प्रवेश.

हवा : वर्गांच्या वातानुकूलन यंत्रणेत ‘मर्व्ह-१३’ दर्जाचे फिल्टर बसवले गेले. ‘मर्व्ह’ ही फिल्टर किती बारीक कण अडवतो हे सांगणारी मोजपट्टी आहे. १३ क्रमांकाचा फिल्टर ०.३ ते १ मायक्रॉन आकाराचे किमान निम्मे कण आणि १ ते ३ मायक्रॉनचे ८५ टक्के कण एका फेरीत अडवतो. खोलीतली हवा तासात अनेकदा फिल्टरमधून जात असल्याने प्रत्यक्ष परिणाम यापेक्षा चांगला मिळतो. मात्र फिल्टर जितका दाट, तितका पंख्यावर ताण अधिक. म्हणून जुन्या इमारतींत केवळ फिल्टर बदलून भागत नाही, यंत्रणाही तपासावी लागते.

अंतर : कॅलिफोर्नियात प्रमाणित वर्गखोली ९६० चौरस फुटांची असते. दोन मुलांत सहा फूट अंतर ठेवायचे, तर प्रत्येकाला साधारण ३६ चौरस फूट जागा लागते. म्हणजे कागदावर २६ मुले. शिक्षकाचे टेबल, दार आणि ये-जा करण्याची वाट वजा केली की हा आकडा आणखी खाली येतो. म्हणून वर्गाचे दोन गट पडले. प्राथमिकची मुले आठवड्याचे पाचही दिवस, पण सकाळी किंवा दुपारी सुमारे तीन तास शाळेत आणि उरलेला वेळ ऑनलाइन. मार्च २०२१मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने वर्गातले अंतर तीन फुटांवर आणले. तरीही लॉस एंजेलिसने त्या सत्रात सहा फूटच ठेवले, कारण शिक्षकांशी झालेला करार त्यावर आधारलेला होता.

चाचणी : शाळेत पाऊल टाकण्याआधी एकदा आणि नंतर दर आठवड्याला विद्यार्थी व कर्मचाऱ्यांची चाचणी करण्याची व्यवस्था उभी राहिली. ऑगस्ट २०२०मध्ये जाहीर झालेल्या या कार्यक्रमात विद्यापीठांतील संशोधकही सहभागी होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर स्वतःची चाचणी यंत्रणा उभारणाऱ्या शाळा यंत्रणा अमेरिकेत फारच थोड्या होत्या.

प्रवेश : मायक्रोसॉफ्टच्या मदतीने ‘डेली पास’ नावाचे ॲप तयार झाले. पालकाने किंवा विद्यार्थ्याने लक्षणांविषयीचे प्रश्न भरायचे, चाचणीचा निकाल त्याला जोडलेला असायचा आणि सगळे ठीक असेल तर त्या दिवसापुरता क्यूआर कोड मिळायचा. शाळेच्या दारात तो स्कॅन झाला की प्रवेश.

मग इतका उशीर का झाला?

कारण तयारी यंत्रांची होती, पण निर्णय माणसांचा होता. २०२०-२१चे शालेय वर्ष १८ ऑगस्टला पूर्णपणे ऑनलाइन सुरू झाले. हिवाळ्यात लॉस एंजेलिस परगण्यात अमेरिकेतील सर्वात भीषण लाटांपैकी एक आली आणि मर्यादित स्वरूपात सुरू असलेले प्रत्यक्ष उपक्रमही डिसेंबरमध्ये थांबवावे लागले.

दुसरी बाजू शिक्षकांची. ‘युनायटेड टीचर्स लॉस एंजेलिस’ ही संघटना ताकदवान आहे. जानेवारी २०१९मध्ये तिने शाळेचे सहा दिवस संप केला होता. लस मिळण्याची पूर्ण संधी, परगण्यातील संसर्ग सर्वात वरच्या ‘जांभळ्या’ पातळीतून खाली येणे आणि वर्गातील सुरक्षा या तिच्या अटी होत्या. शिक्षक घाबरून अडवणूक करतात, असा आरोप काही पालक करत होते. आपण ज्या वस्त्यांत शिकवतो तिथेच सर्वाधिक मृत्यू होत आहेत, असे संघटना सांगत होती. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते.

कोंडी फुटली ती मार्च २०२१मध्ये. ५ मार्चला गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ६.६ अब्ज डॉलरच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातले २ अब्ज डॉलर शाळा उघडण्यासाठीचे प्रोत्साहन होते. १ एप्रिलनंतर उशीर होईल तसा या हिश्शातून रोज एक टक्का कापला जाणार होता. इंगलवूडच्या सोफाय स्टेडियमवर शाळा कर्मचाऱ्यांसाठी लसीकरण सुरू झाले. ९ मार्चला डिस्ट्रिक्ट आणि संघटनेत प्राथमिक करार झाला. १५ मार्चला परगणा जांभळ्या पातळीतून बाहेर पडला. २१ मार्चला ८९ टक्के मतांनी शिक्षकांनी करार मंजूर केला. १३ एप्रिलला पहिल्या टप्प्यात ६१ प्राथमिक शाळा आणि ११ बालशिक्षण केंद्रे उघडली. महिनाअखेरीस मोठ्या मुलांच्या शाळाही सुरू झाल्या.

दरवाजे उघडले, मग मुले का आली नाहीत?

सर्वाधिक विचार करायला लावणारा भाग हाच. सुखवस्तू वस्त्यांतील पालक मुलांना पाठवायला उत्सुक होते. ज्या लॅटिनो आणि कष्टकरी वस्त्यांना शाळेची सर्वाधिक गरज होती, तिथले पालक मात्र कचरत होते. त्यांच्या घरात आजार येऊन गेला होता, शेजारी माणसे गेली होती आणि एकाच घरात आजी-आजोबा राहत होते. ऑनलाइन शिक्षणाचे नुकसान त्यांना कळत नव्हते असे नाही. त्यांच्या हिशेबात दुसरे पारडे अधिक जड होते.

हायस्कूलमध्ये तर फारच थोडी मुले परतली. त्याला आणखी एक कारण होते. विद्यार्थ्यांचे गट एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मुले दिवसभर एकाच खोलीत बसायची आणि हेडफोन लावून तिथूनच ऑनलाइन तास करायची. घरी बसून जे होते तेच शाळेत करायचे असेल तर बस पकडून जायचे कशाला, असा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलाला पडला तर नवल नाही.

यानंतर डिस्ट्रिक्टने लसीकरण वस्तीत नेले. एप्रिलमध्ये गरीब वस्त्यांतील शाळांमध्ये कुटुंबीयांसाठी लसीकरण केंद्रे सुरू झाली. ज्या शाळेतून वर्षभर जेवण मिळाले, तिथेच लस घ्यायला पालकांना कमी धाकधूक वाटेल, असा त्यामागचा विचार होता.

पुढे काय झाले?

१६ ऑगस्ट २०२१ला सर्व शाळा पूर्णवेळ सुरू झाल्या. लस घेतलेल्यांसह सर्वांची साप्ताहिक चाचणी आणि मास्क सक्तीचे होते. पण शाळा उघडणे म्हणजे मुले परतणे नव्हे, हे त्या वर्षाने दाखवले. २०२१-२२मध्ये जवळपास निम्मे विद्यार्थी ‘दीर्घकालीन गैरहजर’ या गटात मोडले. वर्षातील दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस चुकवणाऱ्यांना हा शब्द वापरला जातो. त्यातल्या काही दिवसांना विलगीकरणाचे नियम कारणीभूत होते. उरलेल्यांमागे तुटलेली सवय होती. घरोघरी जाऊन मुलांना परत आणण्याचे काम डिस्ट्रिक्टला पुढे कितीतरी काळ करावे लागले.

यातून काय दिसते?

पहिले, शाळा ही वस्तीतली एकमेव अशी सरकारी जागा असते जिला प्रत्येक घराचा पत्ता आणि घरातल्या मुलाचे नाव माहीत असते. म्हणून जेवण असो वा लस, ती इतर कोणापेक्षा लवकर पोहोचवू शकली. दुसरे, तांत्रिक तयारीला तारीख ठरवता येते, विश्वासाला नाही. फिल्टर काही आठवड्यांत बसतात, ॲप काही महिन्यांत तयार होते. पण ‘माझे मूल तिथे सुरक्षित आहे’ हे आईला वाटायला त्याहून जास्त वेळ लागतो. तिसरे, बंद करण्याचा निर्णय एका शुक्रवारी घेता आला, उघडण्याच्या निर्णयासाठी मात्र राज्य, आरोग्य विभाग, शिक्षक आणि पालक हे चौघे एकाच वेळी तयार असावे लागले. पुढच्या संकटासाठी नियोजन करणाऱ्या कोणत्याही शिक्षण विभागाने बंद करण्याच्या आदेशासोबतच, उघडताना कोणाशी काय बोलावे लागेल याची यादीही त्याच दिवशी करायला घ्यावी.