केळीचे वेफर विकायचे कोठे? फेसबुक, यूट्यूब की व्हॉट्सॲप?

आपल्या लोधीपुऱ्याच्या आसपास ज्यांची केळीची बाग आहे त्यांना मंडीचे गणित सांगायला नको. घड एकदा उतरला की त्याला थांबता येत नाही, आणि ही गोष्ट व्यापाऱ्याला आपल्याइतकीच ठाऊक असते. म्हणून आपल्यातील काही कुटुंबांनी सगळा माल तसाच न विकता थोडे वेफर घरी तळायला, हळद दळून पाकिटात भरायला सुरुवात केली, हे आम्हांला फार आवडले. पण पाकिटे भरून झाली की प्रश्न पडतो, घेणार कोण? मग कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, मोबाइलवर टाकू.

टाकावे, जरूर टाकावे. पण कोठे टाकायचे, याचा विचार निदान बेणे निवडताना करतो तितका तरी करावा.

एका घरची हकिकत सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांनी काप पाडण्याचे यंत्र हप्त्याने घेतले. मुलाने कढईत वेफर पडतानाचा छान व्हिडिओ काढून टाकला आणि तो हजारो लोकांनी पाहिला. घरात दिवाळी! पण पाहणारे कोण, तर कोणी कोलकात्याचा, कोणी लुधियानाचा. महिन्यात चार मागण्या आल्या. पार्सलचा खर्च वेफरच्या किमतीहून जास्त झाला, आणि पोचेपर्यंत निम्म्या पाकिटांत चुराच उरला. यंत्राचा हप्ता मात्र तारखेला उभा. मुलाची आई आमच्याकडे आली तेव्हा यंत्र विकून टाकावे की काय, या विचारात होती.

आम्ही तिला एकच विचारले, “बाई, तुमचे वेफर न मोडता किती लांब जातात?” ती म्हणाली, “खंडव्यापर्यंत, नाहीतर रावेर-भुसावळपर्यंत.” मग गिऱ्हाईकही तेवढ्यातच शोधायला हवे. तिने वहीत साठ नावे लिहिली. नातेवाईक, शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्स, दोन किराणा दुकानदार. त्यांना व्हॉट्सॲपवर दर बुधवारी निरोप जाऊ लागला, की शनिवारी ताजे तळणार आहोत, किती ठेवू? आता ती मागणी येईल तेवढेच तळते. हप्ता निघतो. फार मोठी कमाई आहे असे नाही, पण तेल वाया जात नाही आणि यंत्र घरात आहे.

आमचे मत असे झाले आहे की माल किती लांब टिकून जातो, यावरून माध्यम ठरवावे. वेफरला व्हॉट्सॲप पुरे. त्याचे व्यापाराचे ॲप २०१८ पासून आपल्याकडे फुकट मिळते आणि त्यात मालाचे फोटो व भाव मांडून ठेवता येतात. एक खुबी ध्यानात ठेवावी. यादी करून एकदम सगळ्यांना पाठवलेला निरोप, ज्यांनी आपला नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोचतो. तेव्हा पाकिटावर नंबर छापा आणि “साठवून ठेवा” असे तोंडाने सांगा.

हळदीची गोष्ट निराळी. ती मोडत नाही, नासत नाही, पुण्या-मुंबईला सुखाने जाते. वसईकडचे आपले धर्मबंधू राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी करतात, तीही अशीच दूरच्या प्रवासाला चांगली. अशा मालाला फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उपयोगी पडते. घर चालवणारी वडीलधारी मंडळी फेसबुकवर जास्त भेटतात, तरुण पोरे इन्स्टाग्रामवर.

यूट्यूबला मात्र धीर लागतो. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या सत्तरीच्या आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ ही स्वयंपाकाची वाहिनी सुरू केली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंना लाखो लोक पाहू लागले. कारण त्या काही विकायला बसल्या नव्हत्या, शिकवायला बसल्या होत्या. ज्याच्याकडे शिकवण्यासारखे काही आहे आणि वर्षभर थांबण्याची तयारी आहे, त्यानेच या वाटेला जावे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आजींची वाहिनी चोरांनी बळकावली होती. सुदैवाने ती परत मिळाली. टिकटॉकवाल्यांचे तसे झाले नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली आणि त्यावर जमवलेले गिऱ्हाईक गेले ते गेलेच. कोणी म्हणेल, आम्ही तिन्ही ठिकाणी आहोत, आम्हांला भीती नाही. पण फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांचा मालक एकच. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ही तिन्ही एकदमच सुमारे सहा तास बंद पडली होती. टोपल्या तीन, पण कावड एकाच खांद्यावर! म्हणून त्या बाईंची साठ नावांची वही आम्हांला सगळ्यांत मोलाची वाटते. ती कोणी बंद करू शकत नाही.

हे आरोग्याचेही पान आहे, तेव्हा एक बोलणे भाग आहे. “आमच्या हळदीने मधुमेह जातो, कॅन्सर बरा होतो” असे निरोप आपल्याच माणसांकडून आम्हांला आले आहेत. हे खोटे आहे, आणि १९५४ च्या कायद्याने अशी जाहिरात गुन्हा ठरते. असे वाचून कोणी गोळ्या सोडल्या तर त्याचे पाप कोणाच्या माथी? स्वच्छ दळली, भेसळ नाही, एवढे लिहिले तरी खूप झाले. अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणीही करून घ्यावी, घरगुती धंद्यालाही ती लागते.

आणि फोनवर कोणी “मोठी ऑर्डर देतो, पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करा, पिन टाका” म्हणाला तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलातच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात.

ज्यांना हे मोबाइलवर मांडून हवे आहे त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर आम्हांला भेटावे, आपले तरुण मदतीला आहेत. येताना पाकीट आणि नावांची वही आणावी.