पत्ता पाठ करू नये, विचारून घ्यावा

दिवाळीची सुट्टी संपवून मुले वसतिगृहात परतली की आम्ही प्रत्येकास पुन्हा विचारतो, "आईवडील सध्या कोठे आहेत?" साक्री, चाळीसगाव भागांतील अनेक पालक त्या सुमारास ऊसतोडीस गेलेले असतात. जूनमध्ये नोंदविलेल्या पत्त्यावर निरोप धाडला, तर तो कुलूपबंद दारापाशी थांबतो.

संगणकासही हाच धडा शिकावा लागला. आमच्या विद्यार्थ्यांनी 'रास्पबेरी पाय' या तळहाताएवढ्या संगणकावर दिवा लावण्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. जुन्या बोर्डावर दिवा लागे, नव्यावर लागेना. आपलेच काही चुकले, असे समजून मुले खट्टू झाली. चूक तर्कात नव्हती, पाठ केलेल्या पत्त्यात होती.

दिवा, पंखा, तापमापक जोडावयाच्या पिनांचे नियंत्रण मेमरीच्या नकाशातील ठरावीक पत्त्यांवरून होते. २०१२ च्या पहिल्या बोर्डात हा विभाग ५१२ एमबीच्या खुणेपासून सुरू होई. २०१५ च्या दुसऱ्या बोर्डात तो १००८ एमबीवर गेला, तर २०१९ च्या चौथ्या बोर्डात ४०६४ एमबीवर. मेमरी वाढली, तसे घर हलले. जुना आकडा प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवला, तर आज्ञा भलत्याच ठिकाणी पोहोचते. तेथे दुसऱ्याच कामाची माहिती असल्यास ती बिघडूही शकते.

यावर उपाय म्हणजे 'डिव्हाइस ट्री'. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे, याची ही यादी. बोर्ड सुरू होताना त्या बोर्डाची यादी लिनक्सच्या हाती दिली जाते. प्रोग्रॅमने ती वाचून आरंभीचा पत्ता घ्यावा आणि पुढचे अंतर त्यात मिळवावे. मुलांनी तसा बदल केला आणि तोच प्रोग्रॅम दोन्ही बोर्डांवर चालला.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. यादी कोठे मिळेल, ती जागा मात्र निश्चित असावी लागते. सारेच अस्थिर असेल, तर विचारावे कोणाला? वसतिगृहाचे कार्यालय जागेवर असते, म्हणूनच बदलते पत्ते नोंदविता येतात.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस हा विचार परका वाटत नाही. काल खरे होते ते आज तपासून घेणे, हीच अभ्यासाची शिस्त. माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती : आपण जेथे असाल तेथला पत्ता शाळेस अवश्य कळवावा. आमच्या रजिस्टरात अजून आपले जुनेच गाव आहे.