संगणकाच्या जुन्या पडद्यावरील अस्थिर चित्र : कारणे व उपाय

संगणकाचे चपटे पडदे आता सर्वत्र रूढ झाले आहेत. तथापि पाठीमागे फुगीर असलेला, पिक्चर ट्यूबचा जुना मॉनिटर ज्या शाळेत अद्याप उपयोगात आहे, तेथे बहुधा दुसरा पर्याय नसतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील दूरच्या वाड्यापाड्यांवर असा मॉनिटर बंद पडला, म्हणजे मुलांचा संगणकाचा पाठही बंद पडतो. चित्र थरथरू लागताच यंत्र बिघडले असे समजून ते कोपऱ्यात ठेवले जाते व यथावकाश जडसंग्रह नोंदवहीतून त्याचे निर्लेखन होते. वस्तुतः चित्र अस्थिर होण्याची पुष्कळशी कारणे मॉनिटरच्या पेटीबाहेर असतात व ती शिक्षकाला स्वतः शोधून काढता येतात. पेटीच्या आतील दोष मात्र त्याच्या कक्षेबाहेरचे होत. ही मर्यादा नीट ओळखली, तर चांगले यंत्र वाया जात नाही आणि जिवावरचा प्रसंगही टळतो.

प्रथम चित्र कसे उमटते हे ध्यानी घ्यावे. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली या प्रकारची नलिका तयार केली. निर्वात काचनळीच्या मागील टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो, पुढील काचेच्या आतल्या लेपावर आदळतो आणि तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. नळीच्या मानेभोवती तारेची वेटोळी असतात. त्यांच्या चुंबकीय बलाने हा झोत ओळीमागून ओळ लिहीत वरून खाली येतो आणि सारा पडदा सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने लिहितो. ओळ व पान केव्हा आरंभावे याची खूण संगणकाकडून केबलवाटे येते. तेव्हा स्थिर चित्रासाठी तीन गोष्टी लागतात : खूण वेळेवर मिळणे, वीज पुरेशी असणे आणि परके चुंबकत्व जवळपास नसणे.

दोष कोणत्या बाजूस आहे, हे एका सोप्या परीक्षेने कळते. संगणक व मॉनिटर दोन्ही बंद करून संगणकाकडील केबल काढावी आणि केवळ मॉनिटर सुरू करावा. बहुतेक मॉनिटरांवर ‘संदेश मिळत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी चौकट दिसते. ती चौकट स्थिर असेल, तर दोष केबलमध्ये वा संगणकात शोधावा. चौकटही थरथरत असेल, तर आजूबाजूच्या वस्तू, वीजपुरवठा किंवा स्वतः मॉनिटर यांपैकी एक कारण समजावे.

चित्र वर-खाली धावत असेल किंवा तिरके फाटत असेल, तर खूण चुकत आहे असे जाणावे. केबलच्या प्लगात तीन ओळींत पंधरा पिना असतात. तेरावी पिन आडव्या ओळींची व चौदावी उभ्या क्रमाची खूण वाहून नेते. पहिल्या तीन पिना अनुक्रमे तांबडा, हिरवा व निळा रंग नेतात. एखादा रंग नाहीसा झाल्यास या तिहींपैकी एखादी वाकली आहे काय, ते पाहावे. पुष्कळ प्लगांत नववी पिन मुळातच नसते. ती तुटली असे समजू नये. प्लग सरळ बसवून बाजूचे दोन्ही स्क्रू आवळावेत.

चित्र पाण्यातील प्रतिबिंबाप्रमाणे डुलत असेल, तर जवळ पंखा, स्टॅबिलायझर, यूपीएस किंवा ध्वनिवर्धक आहे काय ते पाहावे. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे. पडदा साठ वेळा लिहिला जात असेल, तर दोहोंच्या अंतराइतका, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, कंप डोळ्यांस दिसतो. चित्र स्थिर व्हावे म्हणून आणलेला स्टॅबिलायझर मॉनिटरला खेटून ठेवल्यास तोच कंपास कारण होतो. अशी उपकरणे तीन-चार फूट दूर सरकवावीत. ध्वनिवर्धकातील चुंबकाने किंवा लोखंडी कपाटाच्या सान्निध्याने पडद्यावर रंगीत डाग पडले, तर ती वस्तू दूर करून मॉनिटरवरील ‘डिगॉस’ची सोय एकदा वापरावी, पुन्हा वापरण्यापूर्वी अर्धा तास जाऊ द्यावा.

पडदा केवळ लुकलुकत असेल, तर संगणकातील रिफ्रेश रेट साठावरून पंचाहत्तर करून पाहावा. मॉनिटरच्या माहितीपत्रकातील मर्यादा मात्र ओलांडू नये.

रोहित्रापासून दूरच्या पाड्यावर, शेतातील पंप चालू होताच चित्र आक्रसते असा अनुभव येऊ शकतो. अशा वेळी मॉनिटरच्या पाठीवरील पट्टीवर छापलेली व्होल्टमर्यादा पाहावी व तंत्र्याकडून पुरवठा मोजून घ्यावा. फिकट आडवा पट्टा सावकाश सरकत असेल, तर संगणक व मॉनिटर अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर जोडावेत. पेटीस हात लावताच झिणझिण्या आल्यास वीज त्वरित बंद करून तंत्र्यास बोलवावे.

परीक्षा करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले व काय घडले, हे वहीत लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, म्हणजे गुण कशाने आला ते कळत नाही. वरच्या वर्गातील मुलांना ही नोंद करू दिल्यास विज्ञानातील प्रयोगपद्धतीचा धडा त्यांना प्रत्यक्ष मिळतो.

एवढे करूनही चित्र आक्रसत-फुगत राहिले, चरचर आवाज आला किंवा जळका वास सुटला, तर वीज बंद करून प्लग काढावा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात पावसाळ्यात हवा फार दमट होते. साचलेली धूळ ओलावते आणि उच्च दाबाची वीज तिच्यातून वाट काढते. रंगीत मॉनिटरमध्ये हा दाब सुमारे पंचवीस हजार व्होल्टपर्यंत असतो आणि यंत्र बंद केल्यावरही काचनळीत विद्युत्भार साठून राहू शकतो. म्हणून मागील झाकण शिक्षकाने उघडू नये व मुलांना तर त्याजवळ फिरकू देऊ नये. नळी निर्वात असल्याने फुटताच काचा वेगाने उडतात. जड मॉनिटर मुलांकरवी उचलवू नये.

दुरुस्ती अशक्य ठरल्यास मॉनिटर उकिरड्यावर टाकू नये किंवा भंगारवाल्यास देऊ नये, कारण त्याच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत संस्थेकडेच गेला पाहिजे. त्याकरिता केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीच्या शिक्षण विभागास कळवावे व केलेल्या परीक्षांची वही प्रस्तावासोबत जोडावी. यंत्र खरोखर निकामी झाले आहे की केवळ जागा बदलल्याने सुधारेल, याचा निर्णय त्या वहीवरून घेता येईल.