वेब पानावर दाखला ओढून सोडण्याची सोय

शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा नोकरीचा, हल्ली बहुतेक ठिकाणी दाखले खिडकीवर न देता वेब पानावर चढवावे लागतात. पूर्वी खिडकीवरचा कारकून कागद उलटसुलट करून पाही व 'येथे सही राहिली' म्हणून परत देई. आम्ही कारकुनी पेशातलेच असल्याने त्या कामाचे मोल जाणतो. ते काम आता पानाला करावे लागते, आणि अशी पाने तयार करणाऱ्यांत आपलीही मुले-मुली आहेत. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पानावरील फॉर्ममधून फाइल पाठविण्याची पद्धत १९९५ साली झेरॉक्स कंपनीतील नेबेल व मासिंटर यांनी मांडली. बटण दाबावे, फाइल निवडावी, पाठवावी. माउसने ओढून फाइल थेट पानावर सोडण्याची सोय मागाहून आली. फायरफॉक्सने ती २०१० मध्ये दिली.

यासाठी पानावर एक चौकट आखतात. फाइल चौकटीवर फिरत असता 'ड्रॅगओव्हर' ही घटना पुनःपुन्हा घडते व सोडताच 'ड्रॉप' घडते. नवशिक्यांची फसगत होते ती येथेच. ब्राउझरचा मूळ स्वभाव असा की, सोडलेली फाइल तो स्वतःच उघडू पाहतो. मग अर्जाच्या जागी दाखल्याचे चित्र दिसू लागते आणि अर्धा तास खपून भरलेला मजकूर जाण्याची वेळ येते! म्हणून दोन्ही घटनांत 'प्रिव्हेंटडिफॉल्ट' ही आज्ञा द्यावी. ती केवळ 'ड्रॉप'मध्ये दिली, तर चौकट फाइल स्वीकारीतच नाही. शिवाय माणसाचा हात चुकतो. फाइल चौकटीबाहेर दोन बोटांवर पडली तरी तोच अनर्थ. तेव्हा हा बंदोबस्त संपूर्ण पानाला करावा.

आलेल्या फाइली 'डेटाट्रान्सफर'मधून घेऊन 'फॉर्मडेटा'त भरून पाठवितात. त्यात फारसे अवघड नाही. पाठविताना किती टक्के काम झाले ते दाखवावे, नाहीतर नेट मंद असले की लोक पुन्हा पुन्हा फाइल टाकीत बसतात.

बटणाला घातलेली फाइलच्या प्रकाराची अट ओढून टाकलेल्या फाइलीला आपोआप लागू होत नाही. ती वेगळी तपासावी लागते. आकार व प्रकार सर्व्हरवरही तपासावा. फाइलीचे नाव कोणीही बदलू शकतो. नुसते नाव वाचून चेक वटविता येत नाही, तसेच हे.

आणि जुने बटण काढू नये. कित्येक घरांत संगणक नाही, अर्ज मोबाइलवरच भरला जातो. तेथे ओढणार काय? अंध व्यक्ती कीबोर्डवर काम करते, कोणाचा हात थरथरतो. २०२३ च्या 'डब्ल्यूसीएजी २.२' या सुगम्यता-मानकातही ओढण्याला साधा पर्याय हवा असे सांगितले आहे. बटण नसलेले पान कितीही देखणे असो, आम्ही ते अपुरेच मानू.

फाइल नाकारली तर नुसते 'एरर' लिहू नये. 'उत्पन्नाचा दाखला २ एमबीचा आहे, मर्यादा १ एमबी आहे' असे स्वच्छ मराठीत, त्या फाइलीच्या नावासमोरच लिहावे.